दंततपासणीचे हातातील क्ष-किरण यंत्र आणि शाळेची दक्षता

शालेय आरोग्यतपासणी हा आता प्राथमिक शाळेच्या वार्षिक कामाचाच एक भाग होऊन बसला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी अशी त्याची योजना आहे. ज्या व्याधींचा शोध या तपासणीत घ्यावयाचा, त्यांत दंतक्षयाचाही समावेश केलेला आहे. ही प्राथमिक तपासणी आरसा, विजेरी आणि अनुभवी दृष्टी एवढ्यावरच होते. तीस क्ष-किरणांची गरज नसते. परंतु याखेरीज दंतमहाविद्यालये व सेवाभावी संस्था यांची शिबिरेही गावोगाव भरतात. आणि अशा शिबिरांत हातात धरून चालविण्याचे लहान क्ष-किरण यंत्र अलीकडे दृष्टीस पडू लागले आहे.

परतूरसारख्या तालुक्याला अशा यंत्राचा उपयोग किती, हे शिक्षकांस निराळे सांगण्याचे कारण नाही. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा परभणी जिल्ह्यातील हा तालुका त्यात आला. तथापि शासकीय दंतमहाविद्यालय गाठावयाचे तर आजही छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. मुलाच्या दाढेसाठी पालकाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, प्रवासखर्च निराळा; म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. अशा स्थितीत दंतवैद्यच यंत्र घेऊन गावी आला, वीज गेली तरी घटमालेवर म्हणजे बॅटरीवर त्याचे काम चालू राहिले, तर ती मोठीच सोय होय. या लेखाचा हेतू त्या सोयीविषयी भय निर्माण करण्याचा नाही. सोय घेताना ती देणाऱ्या सेवकाचे व आपल्या शाळेचे रक्षण कसे करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

किरण कोठून येतात

क्ष-किरणांच्या नळीत विजेच्या दाबाने अतिसूक्ष्म विद्युत्कण म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने धावतात व टंगस्टन धातूच्या तुकड्यावर आदळतात. त्या आघातातून क्ष-किरण उत्पन्न होतात. दातांच्या यंत्रात हा दाब साधारणतः साठ ते सत्तर हजार व्होल्ट इतका असतो आणि एका चित्रास एका सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. बटण सोडले की आघात थांबतो व किरणही थांबतात. विजेचा दिवा मालविल्यावर खोलीत प्रकाश शिल्लक राहत नाही, तद्वतच बंद यंत्रात, त्या खोलीच्या भिंतींत किंवा मुलाच्या तोंडात क्ष-किरण मागे राहत नाहीत.

ही गोष्ट पालकांस अवश्य समजावून द्यावी. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात आलेल्या कोबाल्टमुळे अनेक लोक आजारी पडले व त्यांतील एकाचा मृत्यू झाला. अशा बातम्या ऐकून ‘किरण’ या शब्दाचीच धास्ती बसते. पण कोबाल्टचा तो प्रकार किरणोत्सर्गी द्रव्याचा होता. असे द्रव्य रात्रंदिवस आपोआप किरण टाकीत असते, त्यास बटण नसते. दातांच्या यंत्रात तसे द्रव्य नसते. म्हणून बंद यंत्राचे भय नको; चालू यंत्राविषयी मात्र हयगय नको.

यंत्र चालू असताना किरण तीन वाटांनी जातात. पहिली वाट मुख्य झोताची. तो नळीच्या तोंडातून निघून मुलाच्या गालातून, दातांतून पार होतो आणि त्याचा काही अंश पलीकडेही जातो. दुसरी वाट विखुरलेल्या किरणांची. उन्हाचा कवडसा पांढऱ्या भिंतीवर पडला की सारी खोली उजळते, त्याप्रमाणे मुलाच्या डोक्यावर पडलेले किरण थोड्याथोड्या प्रमाणात सर्व दिशांस फेकले जातात. तिसरी वाट गळतीची. नळीभोवतीचे कवच चांगले नसेल तर किरण बाजूंनी व मागूनही निसटतात. मुलाला धोका मुख्यतः पहिल्या वाटेने. सेवकाला दुसऱ्या व तिसऱ्या वाटेने.

पूर्वीच्यांनी मोजलेली किंमत

जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण शोधून काढले. पुढच्याच जानेवारी महिन्यात ओटो वाल्खॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यास पंचवीस मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज जे काम सेकंदाच्या अंशात होते, त्यास तेव्हा एवढा काळ लागत असे.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स यांनी 1896 सालीच या विद्येचा अवलंब केला. नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी त्या काळी स्वतःचाच हात किरणांसमोर धरून त्याची छाया न्याहाळीत. प्रत्येक वेळी हातास काही लागत नसे, दुखत नसे, भाजल्याची जाणीवही होत नसे. वर्षांमागून वर्षे गेल्यावर मात्र त्या हातास कर्करोग जडला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. प्रथम बोटे गेली, नंतर हातही गेला. आणि 1928 साली त्यांच्या जीवनाचा दुःखद अंत झाला. त्यांच्या रुग्णांपैकी प्रत्येकास मोजकीच चित्रे घडली होती. हात गेला तो रोज नळी हाताळणाऱ्याचा.

हे अज्ञान अटळ होते असेही नाही. बॉस्टन येथील विल्यम रोलिन्स हे दंतवैद्य व वैद्यही होते. त्यांनी 1901 साली प्राण्यांवर प्रयोग करून या किरणांनी मृत्यूही ओढवतो हे दाखविले; नळीस शिशाचे आवरण असावे, झोत आवश्यक तेवढाच अरुंद ठेवावा, असे त्यांचे सांगणे होते. पुष्कळांनी ते त्या वेळी मनावर घेतले नाही. जर्मनीतील हँबुर्ग शहरी 1936 साली क्ष-किरण व रेडियम यांच्या सेवेत प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर आरंभीच 169 नावे कोरावी लागली.

या इतिहासाचे तात्पर्य एकच आहे. क्ष-किरण दिसत नाहीत, त्यांस वास नाही, स्पर्श नाही. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा येथे पुरावा ठरत नाही.

काळ, अंतर आणि आडोसा

किरणांपासून रक्षणाचे तीन उपाय जगभर मान्य झाले आहेत: काळ थोडा, अंतर अधिक आणि मध्ये आडोसा. यांपैकी अंतराचा नियम वर्गातही दाखविता येतो. एका पुठ्ठ्यास एक सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडावे व विजेरीच्या उघड्या, लहान दिव्यापासून तो दहा सेंटिमीटरवर उभा धरावा. दिव्यापासून वीस सेंटिमीटरवर चौकटीचा कागद धरला तर प्रकाशाचा चौकोन चार घरे व्यापतो. तीस सेंटिमीटरवर नऊ घरे. तोच प्रकाश अधिक जागेवर वाटला गेल्याने दुप्पट अंतरावर तो चौथाई होतो व तिप्पट अंतरावर नवव्या हिश्शाने उरतो. क्ष-किरणांचाही हाच नियम आहे. मुलाच्या डोक्यापासून अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या माणसास विखुरलेल्या किरणांचा जेवढा मारा बसेल, त्याच्या सोळावा हिस्साच दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसास बसतो. एक पैसाही खर्च न होता मिळणारे असे दुसरे संरक्षण नाही.

म्हणूनच दवाखान्यातील भिंतीवरच्या किंवा स्टँडवरच्या यंत्रास लांब तारेचे बटण असते आणि सेवक दूर अथवा आडोशामागे उभा राहून ते दाबतो.

हातात धरावयाच्या यंत्राची अडचण

हातातील यंत्राची सारी अडचण येथेच आहे. ते हातात धरावयाचे, म्हणजे अंतराचा उपाय प्रथमच सोडून द्यावा लागतो. सेवकाचे हात, छाती, मान व डोळे नळीच्या अगदी निकट येतात. मग उरतात ते काळ आणि आडोसा हे दोनच उपाय, आणि त्यांत कसूर झाल्यास तिसरा आधार नाही.

या कारणास्तव चांगल्या यंत्रात दोन गोष्टी अवश्य असतात. एक, नळीभोवती गळती रोखणारे शिशाचे किंवा तत्सम जड धातूचे भक्कम कवच. दुसरी, नळीच्या तोंडाशी बसविलेली पारदर्शक गोल ढाल. मुलाच्या चेहऱ्यावरून उलट फिरणारे किरण ही ढाल अडविते व तिच्या मागे सेवकासाठी एक छायेचा प्रदेश तयार होतो. छत्री उन्हाच्या दिशेस नीट धरली तरच अंगावर सावली पडते. तिरपी धरल्यास खांदा उन्हात राहतो. येथेही तसेच आहे. ढाल मुलाच्या चेहऱ्याजवळ असावी, यंत्र सेवकाच्या शरीराच्या मध्यभागी, आडवे व सरळ धरावे; कोन साधण्यासाठी यंत्र वाकडे करण्यापेक्षा मुलाची मान किंचित वर-खाली करून घ्यावी. ‘आड येते’ म्हणून ढाल काढून ठेवणे म्हणजे पाऊस चालू असता छत्री मिटणे होय.

सर्वच यंत्रे अशी नसतात, हे दुर्दैव आहे. 2012 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, परस्पर दूरमार्गे विकल्या जाणाऱ्या काही हातातील दंत क्ष-किरण यंत्रांविषयी जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अशी स्वस्त यंत्रे जप्त करण्यात आली. त्यांत पुरेसे शिसेच नव्हते. बाहेरून पाहता चांगल्या व वाईट यंत्रात भेद दिसत नाही. म्हणून यंत्राचा परवाना पाहणे हा केवळ कागदी उपचार नव्हे.

आणखी एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी. काही किलो वजनाचे यंत्र दिवसभर उचलून हात थकतो व कापू लागतो. हात हलला की चित्र अस्पष्ट येते आणि ते पुन्हा घ्यावे लागते. एका चित्राच्या जागी दोन झाली, म्हणजे मुलाची व सेवकाची दोघांचीही मात्रा दुप्पट झाली. यास्तव यंत्र तिवईवर बसवून दुरून बटण दाबण्याची सोय असेल तेथे तीच वापरावी. युरोपातील किरण-संरक्षण अधिकाऱ्यांच्या मंडळाने 2014 साली असेच मत दिले, की हातातील यंत्र हे नित्याचे साधन नसून, जेथे रुग्णास दुसऱ्या यंत्रापर्यंत नेणे शक्य नाही अशा अपवादात्मक प्रसंगांसाठीच ते असावे.

मात्रेचे माप

धोक्याचे माप ठाऊक नसले तर एकतर भय वाढते, नाहीतर बेफिकिरी. शरीरास घडलेल्या किरणांची मात्रा मिलिसीव्हर्ट या एककात मोजतात. त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसीव्हर्ट. माती, दगड, हवा, अन्न व आकाश यांतून मनुष्यमात्रास निसर्गतःच दरवर्षी सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट, म्हणजे दररोज सहा-सात मायक्रोसीव्हर्ट मिळत असतात. दाताच्या एका लहान चित्रात रुग्णास थोडेसेच मायक्रोसीव्हर्ट घडतात. अर्थात साधारण एखाद्या दिवसाच्या नैसर्गिक मात्रेइतकेच. खरी गरज असता एका चित्रासाठी पालकांनी कचरण्याचे कारण नाही.

तरीही मुलांच्या वाढत्या पेशी किरणांस अधिक हळव्या असतात व त्यांचे पुढील आयुष्यही दीर्घ असते. म्हणून निष्कारण एकही चित्र घेऊ नये. रांगेतील सर्व मुलांचे सरसकट चित्र काढणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. प्रथम दंतवैद्याने दात पाहावेत. दोन दातांमधील झाकलेली कीड, मुळाशी झालेला गळू, न उगवलेला दात असे जे डोळ्यास दिसत नाही ते पाहण्याची गरज वाटली, तर त्या मुलापुरतेच चित्र घ्यावे.

किरणांशी नित्य संबंध येणाऱ्या सेवकांसाठी आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिल्या आहेत. हे मंडळ 1983 साली स्थापन झाले असून त्याचे कार्यालय मुंबईस अणुशक्तिनगर येथे आहे. सेवकाची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास 20 मिलिसीव्हर्टहून अधिक होता कामा नये आणि कोणत्याही एका वर्षात ती 30 च्या पुढे जाता कामा नये. सर्वसाधारण जनतेसाठी, म्हणजे शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यासाठी, ही मर्यादा वर्षास 1 मिलिसीव्हर्ट आहे. स्त्री-सेविकेने गर्भवती असल्याचे कळविल्यावर गर्भाची मात्राही 1 मिलिसीव्हर्टच्या आत राहील असे काम तिला द्यावे लागते. अठरा वर्षांखालील व्यक्तीस असा सेवक म्हणून नेमता येत नाही.

सेवकास किती मात्रा घडली हे त्याच्या छातीवरील बिल्ल्यावरून कळते. या बिल्ल्यात विशिष्ट रसायनाच्या लहान चकत्या असतात. त्या किरणांची शक्ती साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापविल्या असता त्या प्रमाणात प्रकाश देतात. तो प्रकाश मोजून तीन महिन्यांची मात्रा काढली जाते. बिल्ला शिशाच्या अंगरख्याच्या आतून, छातीशी लावावा. एकाचा दुसऱ्याने लावू नये. उन्हात किंवा यंत्राच्या पेटीत टाकून ठेवू नये. बिल्ला हा हिशेबनीस आहे, पहारेकरी नव्हे. तो किरण अडवीत नाही. म्हणून बिल्ला लावला तरी अंगरखा टाळता येत नाही.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. झोत अरुंद असेल तर रुग्णाच्या अंगावर शिशाचा अंगरखा घालण्याची आवश्यकता नाही, असे मत अमेरिकन दंतवैद्यक संघाने 2024 साली प्रकट केले. मुलाच्या अंगावर अंगरखा दिसला नाही म्हणून पालकांनी घाबरू नये. त्याविषयी दंतवैद्यास विचारावे. परंतु हे मत रुग्णापुरते आहे. यंत्र हातात घेऊन चित्रामागून चित्र घेणाऱ्या सेवकास ते लागू करू नये.

शाळेने करावयाची व्यवस्था

शिबिराचा दिवस ठरला की जागा, रांग आणि शिस्त ही तिन्ही शिक्षकांच्या हाती असतात. येथेच त्यांचे साह्य मोलाचे ठरते. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. शिबिराची परवानगी देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी संस्थेस विचारावे: क्ष-किरण यंत्र येणार आहे काय? असल्यास त्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे काय? ते चालविणारा सेवक शिकलेला आहे काय, व त्याच्यापाशी बिल्ला व अंगरखा आहे काय? उत्तर असमाधानकारक असेल तर तपासणी होऊ द्यावी, यंत्र मात्र पेटीतच राहू द्यावे.

2. पालकांची संमती आधी घ्यावी व चित्राचे कारण त्यांस सांगण्याची विनंती दंतवैद्यास करावी.

3. यंत्रासाठी शेवटची, स्वतंत्र वर्गखोली द्यावी. व्हरांडा, अंगण किंवा जाण्यायेण्याची वाट देऊ नये. मुलाची खुर्ची अशी ठेवावी की झोत विटांच्या जाड भिंतीकडे जाईल. दार, खिडकी अथवा शेजारच्या वर्गाकडे नव्हे. पत्रा, फळ्यांचे दार किंवा कापडी पडदा यांवर भरवसा ठेवू नये.

4. खोलीत मूल, सेवक व अत्यावश्यक असल्यास एक पालक एवढेच असावेत. रांग दुसऱ्या खोलीसमोर लावावी. कुतूहलाने दाराशी जमणाऱ्या मुलांना दूर ठेवण्यासाठी एक शिक्षक बाहेर उभा करावा.

5. मुलाचे डोके धरण्यास किंवा तोंडातील फिल्म बोटाने दाबून ठेवण्यास शिक्षकाने, आशा कार्यकर्तीने किंवा सेवकाने स्वतःही पुढे होऊ नये. फिल्म धरण्याचे साधन मिळते, ते वापरावे. मूल फारच घाबरलेले असेल तर त्या दिवशी चित्र घेऊ नये. अगदी अनिवार्य झाल्यास पालकानेच, अंगरखा घालून व झोताच्या बाहेर राहून, त्यास धीर द्यावा.

6. गर्भवती शिक्षिका व अंगणवाडी सेविका यांना या खोलीचे काम देऊ नये. वरच्या वर्गातील मुलांना ‘मदतनीस’ म्हणून आत पाठवू नये.

7. ज्या मुलांची चित्रे घेतली त्यांची नावे, तारीख व चित्रांची संख्या आरोग्यनोंदीत लिहून ठेवावी; म्हणजे पुढे दुसऱ्या दवाखान्यात तेच चित्र पुन्हा काढावे लागत नाही.

यांपैकी एकाही सूचनेस पैसा लागत नाही. तथापि एक अडचण मनाची आहे. गावात आलेला डॉक्टर हा पाहुणा. त्यास परवाना दाखवा, ढाल लावा, असे कसे म्हणावे, असा संकोच शिक्षकांस वाटणे स्वाभाविक आहे. पण यंत्र हाती घेणारा बहुधा शिकाऊ दंतवैद्य किंवा तरुण सहायक असतो. आज आपल्या गावी, उद्या शेजारच्या गावी, असे त्याचे काम वर्षानुवर्षे चालावयाचे असते. मुलास घडणारे चित्र एक. त्याला घडणारी हजारो. उशीर झाला असताना, रांग मोठी असताना व हात थकला असताना ढाल काढण्याचा किंवा अंगरखा उतरविण्याचा मोह त्याला होतो. अशा वेळी त्याला विसावा देणे, रांग थांबविणे, पाण्याचा तांब्या पुढे करून ‘सावकाश होऊ द्या, मुले थांबतील’ असे म्हणणे, हे यजमान शाळेचे कर्तव्यच होय.

आपल्या मुलांचे दात पाहण्यासाठी जो येतो, त्याचे हात शाबूत राहावेत ही जबाबदारी काही अंशी आपलीही आहे. मुख्याध्यापकांनी वरील सूचना शिबिरापूर्वीच्या शिक्षकसभेत वाचून दाखवाव्यात, कामाची वाटणी करावी व केंद्राच्या मासिक परिषदेत अनुभवांची देवघेव करावी.